मालकी आणि वहिवाट

फुटबॉलच्या क्लबांची परदेशी धनिकांकडून होणारी खरेदी हा विषय इंग्लंडातील वृत्तपत्रे आणि राजकारणी मंडळी गेली वीस-पंचवीस वर्षे बहुधा एकाच रीतीने मांडीत आली आहेत. एका बाजूस शतकाहून जुना, गावाच्या नावाने ओळखला जाणारा क्लब उभा करावयाचा, दुसऱ्या बाजूस समुद्रापलीकडून आलेला आणि त्या गावाच्या हवापाण्याशी कसलाही संबंध नसलेला कोणी अमेरिकन, रशियन किंवा अरब धनाढ्य उभा करावयाचा, आणि मग सारा वाद स्वकीय विरुद्ध परकीय असा लावून द्यावयाचा. या वादात महाराष्ट्रातील वाचकाच्या वाट्याला एरवी त्रयस्थाची भूमिका यावयाची. परंतु लँकेशर परगण्यातील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबाच्या बाबतीत त्याला तशी अलिप्तता परवडत नाही, कारण तेथील परकीय मालक पुण्याचे आहेत. ज्या उद्योगसमूहाचे नाव आपल्या सांगली जिल्ह्यातील लहानमोठ्या कुक्कुटपालकांना पिले, खाद्य आणि लस यांच्या निमित्ताने पिढीभर परिचित आहे, त्याच व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे ‘वेंकीज’ने, नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब विकत घेतला. तेव्हा या प्रकरणाचा विचार आपण ‘त्यांचे’ म्हणून करू शकत नाही, आणि तो आप्तांची बाजू राखावयाची म्हणूनही करू नये.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मालक कोणत्या देशाचा नागरिक आहे या प्रश्नाला या विषयात जे महत्त्व दिले जाते ते अस्थानी आहे. गावाने पिढ्यान्‌पिढ्या उपभोगलेल्या एका गोष्टीविषयीचे निर्णय घेताना ज्याला त्या गावात कोणापुढेही जाबसाल द्यावा लागत नाही, तो मालक त्या गावात जन्मलेला असला तरी परकाच. आणि खरेदीखताने मालकी मिळते हे मान्य केले, तरी लोकांची वहिवाट त्या खरेदीखताने नष्ट होत नाही, हे तत्त्व क्लबांच्या बाबतीत कायद्याने अंगीकारले पाहिजे.

ब्लॅकबर्न हे गाव मराठी वाचकाला वाटते तितके अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकात त्या गावच्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारपेठेसाठी धोतरे विणली जात, आणि आपल्या आजे-पणज्यांनी नेसलेले विलायती धोतर तेथले असण्याचा पुष्कळ संभव आहे. गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेन येथे मुद्दाम गेले, ते परदेशी कापडावरील बहिष्कारामुळे ज्यांच्या पोटावर पाय आला होता त्या गिरणी कामगारांना समक्ष भेटून आपली बाजू समजावून सांगण्यासाठी. आणि त्या बेकार माणसांनी त्यांचे जे स्वागत केले ते दोन्ही पक्षांना भूषणावह होते. पुढे त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या माणसाला हे वेगळे सांगावयास नको की, मागाचा धंदा बसला म्हणजे गावाच्या मिळकतीबरोबरच गावाचा स्वतःविषयीचा भरवसाही बसतो. ब्लॅकबर्नचा तो भरवसा ज्या एका ठिकाणी शिल्लक उरला होता ते ठिकाण म्हणजे इवूड पार्कचे मैदान आणि १८७५ साली स्थापन झालेला, १८८८ साली इंग्लिश फुटबॉल लीगची स्थापना करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक असलेला, निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या अंगरख्याचा त्यांचा क्लब.

या क्लबाला जॅक वॉकर नावाचा एक पोलादाचा व्यापारी लाभला. तो त्याच गावचा. लहानपणापासून त्याच संघाचा चाहता. आपला धंदा ब्रिटिश स्टीलला विकून आलेल्या पैशातून त्याने १९९१ साली क्लबाचा ताबा घेतला आणि चारच वर्षांनी, १९९५ साली, लाखभर वस्तीच्या गावाचा हा संघ प्रीमियर लीगचा विजेता ठरला. वॉकर २००० साली वारला. त्याच्या पश्चात त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्तांनी काही वर्षे क्लब चालविला आणि अखेर सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना तो पुण्याच्या समूहाला विकला. बंडा वासुदेव राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या आणि भारतातील कुक्कुटपालनाचे स्वरूपच पालटून टाकणाऱ्या या समूहाची धुरा तोपर्यंत त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश राव व बालाजी राव यांच्याकडे आली होती. वासुदेव रावांच्या कर्तृत्वाविषयी मला आदर आहे. विखुरलेल्या अंडी-उत्पादकांना व्यापाऱ्यांनी ठरविलेल्या भावापासून सोडविण्यासाठी १९८२ साली नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली, त्यामागे त्यांचीच दृष्टी होती. ज्या घराण्याने उत्पादकाला आपल्या मालाच्या भावात आवाज मिळवून दिला, त्याच घराण्याच्या ताब्यातील क्लबात प्रेक्षकाला आणि संचालकालाही आवाज उरू नये, याचे मला विशेष वाईट वाटते.

कारण घडले ते असे. खरेदीला महिना होतो न होतो तोच, १३ डिसेंबर २०१० रोजी, सॅम अलार्डाइस या अनुभवी मॅनेजरला दूर करण्यात आले. संघ तेव्हा वीस संघांच्या कोष्टकात तेराव्या क्रमांकावर होता. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन यांना नेमले गेले, ज्यांना मुख्य मॅनेजर म्हणून काम केल्याचा अनुभव नव्हता. क्लबाचे अध्यक्ष जॉन विल्यम्स आणि त्यांचे सहकारी यांनी मालकांना लिहिलेल्या पत्राचा मजकूर पुढे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला, त्यावरून असे दिसते की, इतका मोठा निर्णय घेताना संचालक मंडळाला विश्वासात घेतले गेले नाही ही त्यांची तक्रार होती. विल्यम्स फेब्रुवारी २०११ मध्ये पायउतार झाले. डिसेंबर २०११ मध्ये उपमुख्याधिकारी पॉल हंट यांनी मालकांना एक गोपनीय पत्र धाडून मॅनेजर बदलावा आणि कारभारात सुधारणा करावी अशी विनंती केली. मे २०१२ मध्ये ते पत्र बाहेर फुटले आणि हंट यांची नोकरी गेली. त्याच महिन्याच्या ७ तारखेस, विगनविरुद्धच्या ज्या सामन्यात हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली घसरले, त्या सामन्यात कोणा प्रेक्षकाने क्लबाचे निशाण पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्या कोंबडीचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि लोकांनी ते करमणूक म्हणून पाहिले. मला मात्र त्यात, अर्ज कोठे द्यावा हेच ज्याला कळेनासे झाले आहे अशा माणसाची हतबलता दिसते.

या साऱ्या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत बोलका प्रसंग मैदानावरचा नाही, न्यायालयातला आहे. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस क्लबाने आपला जुना खेळाडू हेनिंग बर्ग याला मॅनेजर म्हणून तीन वर्षांच्या कराराने नेमले आणि ५७ दिवसांत काढून टाकले. करारान्वये उरलेल्या मुदतीच्या वेतनापोटी सुमारे २२ लाख ५० हजार पौंड देणे निघत होते. क्लबाने प्रथम ते देणे कबूल केले. मागाहून मात्र न्यायालयात असा पवित्रा घेतला की, ज्या व्यवस्थापकीय संचालकांनी हा करार केला त्यांना तो तशा शर्तींवर करण्याची मुखत्यारीच नव्हती, म्हणून दिलेली कबुली मागे घेऊ द्यावी. न्यायाधीशांनी ते मान्य केले नाही आणि २०१३ च्या वसंतात बर्गला पैसे मिळाले. यातील कायद्याचा भाग क्षणभर बाजूस ठेवून कारभाराचा भाग पाहावा. ज्या संस्थेचा व्यवस्थापकीय संचालक संस्थेच्या वतीने एक करारनामा करतो आणि त्याला तशी सत्ता होती की नव्हती याविषयी खुद्द संस्थाच न्यायालयात तोंड फिरविते, त्या संस्थेत संचालक मंडळ नावाची वस्तू केवळ दप्तरात उरली आहे असेच म्हणावे लागते. बर्गनंतर आलेल्या मायकेल ॲपलटन यांना ६७ दिवस मिळाले. २०१७ साली हा एके काळचा विजेता संघ तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. एका वर्षात तो दुसऱ्या श्रेणीत परतला, पण प्रीमियर लीगचे दार त्याला पुन्हा उघडता आलेले नाही.

आता मालकांच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते पूर्ण सांगितले पाहिजे, आणि ते थोडे नाही. या घराण्याने क्लबाची दरसालची कोट्यवधी पौंडांची तूट वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशातून भरून काढली आहे. क्लब मध्येच सोडून दिलेला नाही. त्याचे मैदान विकून टाकलेले नाही. ब्लॅकबर्नपासून फार दूर नसलेल्या बरी या गावचा १८८५ साली स्थापन झालेला क्लब २०१९ साली देणी थकल्यामुळे लीगमधून काढून टाकण्यात आला; त्याचा मालक इंग्रज होता आणि त्याने तो क्लब आदल्या वर्षी एका पौंडाला घेतला होता. स्वकीय मालकाच्या हातून बरीचे मैदान ओस पडले आणि परकीय मालकाच्या पैशावर ब्लॅकबर्न तग धरून राहिले, ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करून जो ‘परकीय हटवा’ अशी घोषणा देतो त्याच्या विचारात प्रामाणिकपणा नाही.

पण याच वस्तुस्थितीची दुसरी बाजू अशी की, तग धरणे आणि आश्रित होणे यांत फारसे अंतर राहिलेले नाही. अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे २०२३ पासून या समूहाला ब्लॅकबर्नकडे पैसे पाठविताना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. त्या चौकशीच्या गुणदोषांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही आणि ते येथे प्रस्तुतही नाही. प्रस्तुत आहे ते एवढेच की, लँकेशरमधील एका गावाच्या संघाला नवा खेळाडू घेता येईल की नाही, हे दिल्लीतील एका कज्ज्याच्या तारखेवर अवलंबून राहू लागले, आणि ज्यांच्या जिवाला त्याची तळमळ होती त्यांतील एकालाही त्या कज्ज्यात पक्षकार म्हणून उभे राहता येत नव्हते.

येथे वॉकरची आठवण काढून कोणी म्हणेल की, गावचा मालक असता तर हे घडले नसते. मला हा युक्तिवाद वरवरचा वाटतो. वॉकरही एकहाती मालकच होता. त्याच्याही इच्छेला क्लबात कोणाचा अटकाव नव्हता. फरक इतकाच की, शनिवारी तो इवूड पार्कवर इतरांबरोबर बसलेला असे आणि हरल्यावर ज्या लोकांच्या चेहऱ्यांना सामोरे जावे लागे ती त्याच्या ओळखीची माणसे होती. ही लोकलज्जा मोठी गोष्ट आहे, पण ती त्या माणसाबरोबर जाते. वॉकरची संपत्ती विश्वस्तांकडे गेली. त्याची लोकलज्जा कोणाकडे जाणार? चांगल्या मालकाच्या चांगुलपणावर उभी केलेली व्यवस्था त्याच्या मृत्यूच्या दिवशी निराधार होते, आणि ब्लॅकबर्नमध्ये झाले ते हेच. आपल्याकडील संस्थानी कारभाराचा अनुभवही निराळा नाही. सांगलीच्या पटवर्धन संस्थानात गणपतीमंदिरापासून शाळा-कॉलेजांपर्यंत जे जे चांगले उभे राहिले त्याबद्दल कृतज्ञ राहूनही, त्या काळच्या प्रजापरिषदांनी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केलीच. आणि राजा चांगला आहे म्हणून ती मागणी अनाठायी ठरली नाही.

ब्लॅकबर्नची विक्री होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी तिथून जवळच असलेल्या लिव्हरपूलमध्ये संचालकांची आणि मालकांची जी झुंज झाली तिचा निकाल याच्या नेमका उलट लागला, म्हणून ती लक्षात घेण्यासारखी आहे. टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या अमेरिकन जोडीने २००७ साली कर्ज काढून तो क्लब घेतला होता. कर्जाची मुदत भरत आली तेव्हा अध्यक्ष मार्टिन ब्रॉटन यांनी क्लब विकण्याची सिद्धता केली, आणि विक्री आपल्या मनाजोगी होत नाही असे पाहून मालकांनी दोन संचालकांना मंडळातून काढून आपली माणसे बसविण्याचा घाट घातला. १३ ऑक्टोबर २०१० रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने मालकांविरुद्ध निकाल दिला आणि दोनच दिवसांत ३० कोटी पौंडांना क्लब विकला गेला. ज्यांनी तो घेतला तेही अमेरिकनच होते आणि लिव्हरपूलच्या लोकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले, यावरून राष्ट्रीयत्वाचा मुद्दा किती पोकळ आहे हे दिसतेच. परंतु संचालक मालकांना पुरून उरले ते कशाच्या जोरावर? मंडळाच्या रचनेत बदल करण्याचा अधिकार अध्यक्षांखेरीज कोणाला राहणार नाही, अशी लेखी हमी मालकांनी अगोदरच दिलेली होती आणि ती त्यांच्याकडून लिहून घेतली होती कर्ज देणाऱ्या बँकेच्या हितासाठी. म्हणजे मालकाच्या मनमानीला लगाम घालता येतो, तो न्यायालयात टिकतोही. मात्र तो लगाम सावकाराच्या हाती होता. पन्नास-पन्नास वर्षे पावसात उभे राहून ज्यांनी त्या क्लबाला लिव्हरपूल बनविले त्यांच्या हाती त्यातला एक धागाही नव्हता. बँकेला जे मिळू शकते ते गावाला का मिळू नये, हा या सबंध वादाचा मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्याऐवजी लोक मालकाची पारपत्रे तपासीत बसतात.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेतावाडीत जुने आहे. आपल्याकडे जमिनीची खरेदी होते, फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावर नवे नाव चढते. पण त्या गटाच्या बांधाने पलीकडच्या शेतात जाणारी गाडीवाट नव्या मालकाने काटेरी कुंपण घालून अडविली, तर वाटेने जाणारा शेतकरी तहसीलदाराकडे अर्ज करतो, आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये तहसीलदार त्या अर्जाची चौकशी करतो. स्थळपाहणी होते, चाकोरी उमटलेली आहे का, बांधाच्या कडेची झाडे किती जुनी आहेत, नकाशात वाट दाखविली आहे का, हे पाहिले जाते, पंच जबाब देतात, शेजारचा म्हातारा सांगतो की, आपल्या आज्याच्या बैलगाड्या येथूनच जात. एवढे सिद्ध झाले तर अडथळा काढण्याचा हुकूम होतो. या हुकुमाने जमीन कोणाची हे बदलत नाही. त्या जमिनीत ऊस लावावा की हरभरा, याविषयी वाटसरूला काही बोलता येत नाही. जमीन मालकाचीच राहते, फक्त वाट त्याला बंद करता येत नाही. इतका साधा, इतका न्याय्य आणि मालकीच्या हक्काशी इतका सुसंगत असा हा विचार क्लबांना लावला, तर परकीय मालकीविषयीच्या भांडणातील पुष्कळसे विष उतरून जाईल असे मला वाटते. संघ कसा खेळवावा, कोणाला विकावे, कोणाला घ्यावे, हे मालकाने ठरवावे. परंतु क्लबाचे नाव, त्याचा रंग, त्याचे गाव आणि त्याचे मैदान ही गावाची वाट आहे आणि तिच्यावर कुंपण घालता येणार नाही.

हे भय काल्पनिक नाही. लंडनच्या विम्बल्डनचा क्लब २००३ साली तेथील लोकांच्या तीव्र विरोधाला न जुमानता मिल्टन कीन्स या दूरच्या नव्या शहरात हलविण्यात आला. शतकभर निळ्या रंगात खेळणाऱ्या कार्डिफच्या संघाला मलेशियन मालकाने २०१२ साली लाल अंगरखा चढविला, तो जानेवारी २०१५ मध्ये उतरविला. यावर अर्थशास्त्राचा आधार घेऊन असे म्हटले जाते की, ग्राहकाला माल आवडला नाही तर त्याने दुसऱ्या दुकानात जावे. हा युक्तिवाद करणाऱ्याने समर्थकाची मनोरचनाच समजून घेतलेली नाही. ब्लॅकबर्नचा माणूस संघ हरतो म्हणून शेजारच्या बर्न्लीचा समर्थक होत नाही. तसे करणे त्याला जिवंतपणी शक्य नसते. ज्याला दुसरे दुकानच नाही त्याला ग्राहक म्हणणे म्हणजे त्याच्या निष्ठेचे भांडवल करून त्याच निष्ठेबद्दल त्याला शिक्षा देणे होय.

मग मालकीच सभासदांना देऊन टाकावी, असा पुढचा विचार सुचतो, आणि सांगलीच्या माणसाला तो सर्वांआधी सुचावा, कारण सहकाराच्या विचारावर हा जिल्हा वाढला. परंतु सांगलीच्याच माणसाने त्याविषयी सर्वांत अधिक सावधगिरीने बोलले पाहिजे. सप्टेंबरच्या अखेरीस साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा भरतात. मांडव पडलेला असतो. अहवालाच्या पुस्तिका वाटलेल्या असतात आणि मांडवातल्या उकाड्यात त्यांनीच वारा घेतला जातो. व्यासपीठावरून सचिव ध्वनिक्षेपकावर ‘विषय क्रमांक चार’ असे म्हणतात न म्हणतात तोच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा एकच गजर होतो, आणि मागच्या बाजूस उभा असलेला एखादा सभासद उसाच्या बिलाविषयी किंवा तोट्याविषयी काही विचारण्यासाठी हात वर करून माइक मागत राहतो, तोवर सचिव विषय क्रमांक सातवर आलेले असतात. एक सभासद, एक मत या तत्त्वाने उभ्या राहिलेल्या संस्था अशाच मंजुरीच्या गजरात कर्जात बुडाल्या. खुद्द वसंतदादांच्या नावाचा सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना २०१७ साली एका खासगी कंपनीस भाडेपट्ट्याने चालवावयास द्यावा लागला. सभासदांच्या मालकीचा बार्सिलोना क्लबही २०२१ साली एक अब्ज युरोहून अधिक देण्याखाली दबलेला आढळला. जर्मनीत १९९८ पासून क्लबाच्या निम्म्याहून एक अधिक मते सभासदांकडेच राहिली पाहिजेत असा दंडक आहे आणि तो मला स्तुत्य वाटतो; परंतु लाइपझिगच्या क्लबाने मतदानाचा हक्क असलेले सभासद मूठभरच ठेवून त्या दंडकाचे अक्षर पाळले आणि आत्मा बाजूस सारला. मत असणे आणि जाब विचारता येणे या एकच गोष्टी नाहीत, हे आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

म्हणून मालकी कोणाची या प्रश्नापेक्षा मालकाला काय करता येणार नाही आणि काय उघड करावेच लागेल, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध लादले गेले आणि महिनाभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक कर्मचाऱ्यांचा विरोध असतानाही २००७ च्या एप्रिलात आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. ठेवीदाराची ठेव त्या हस्तांतरणात सुरक्षित राहिली, कारण ठेवीदाराचे हितसंबंध कायदा ओळखतो. त्या बँकांच्या नावाशी दोन गावांचा जो जिव्हाळा होता त्याची नोंद मात्र कोणत्याही दस्तऐवजात नव्हती, आणि जे दस्तऐवजात नसते ते हस्तांतरणाच्या वेळी कोणाच्या मोजणीत येत नाही.

आपल्या देशातील फुटबॉलमध्ये आज नेमकी हीच स्थिती आहे. कोलकात्याच्या ईस्ट बंगालने २०२० साली एका सिमेंट कंपनीला बहुसंख्य भाग देऊ करून प्राथमिक करार केला, आणि अंतिम करारातील शर्ती सभासदांचे हक्क हिरावून घेणाऱ्या आहेत असे म्हणून क्लबाच्या जुन्या कार्यकारिणीने त्यावर सही करण्यास नकार दिला. खुद्द मुख्यमंत्र्यांना मध्यस्थी करावी लागली आणि दोन हंगामांत तो संबंध तुटला. मोहन बागानच्या समर्थकांनी आपल्या क्लबाच्या नावापुढे चिकटलेली तीन अक्षरे काढून टाकण्यासाठी तीन वर्षे आंदोलन केले, तेव्हा २०२३ साली ती गेली. बंगालात निदान भांडावयास सभासद होते. महाराष्ट्रात तेही नाहीत. पुणे एफसी हा नेटकेपणाने उभारलेला क्लब दशकभरातच गुंडाळला गेला. २०१४ साली आलेला पुणे सिटी २०१९ साली बंद पडून त्याची जागा हैदराबादला गेली. आणि दोन्ही वेळा पुण्यातील प्रेक्षकाला ती बातमी म्हणूनच कळली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग घेतले, क्लबाने दोनदा साखळीतील अग्रस्थान आणि दोनदा अजिंक्यपद मिळविले, आणि इंडियन सुपर लीगचे भवितव्य अनिश्चित झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये तो समूह बाहेर पडला. तो आला तेव्हा आणि गेला तेव्हाही, अंधेरीच्या क्रीडासंकुलात दर सामन्याला निळा झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या तरुणांना कोणी काही विचारले नाही. विचारावे असे कोणत्या नियमात लिहिलेलेही नव्हते.

याच्या उलट चित्र सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे संघ पेठांच्या आणि तालमींच्या नावाने खेळतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतील दुकाने लवकर बंद होतात. या संघांकडे पैसा नाही, त्यांच्यात भांडणे आहेत, प्रसंगी मैदानावर हाणामारीही झालेली आहे, आणि त्यांचा आदर्श डोळे मिटून स्वीकारावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांतील एकही संघ कोणाला विकत घेऊन दुसऱ्या गावी नेता येणार नाही, कारण संघ कोणाचा आहे याविषयी पेठेत दुमत नाही. उद्या एखाद्या लीगने यांपैकी एखाद्या तालमीला पैशाच्या मोबदल्यात आपल्यात घ्यावयाचे ठरविले, तर करारपत्र लिहिताना तालमीच्या पंचांनी काय राखून ठेवावे, याचा विचार आजच व्हावयास हवा.

इंग्लंडने उशिरा का होईना तो विचार केला. जुलै २०२५ मध्ये तेथे फुटबॉलच्या कारभाराविषयीचा कायदा मंजूर होऊन स्वतंत्र नियामक नेमला गेला. मालकाची पात्रता तपासणे, क्लबाच्या आर्थिक स्थितीवर देखरेख ठेवणे आणि मैदान, बोधचिन्ह व रंग यांसारख्या गोष्टींत समर्थकांना विचारल्याखेरीज बदल होऊ न देणे, ही त्याची कामे आहेत. ब्लॅकबर्नच्या लोकांना पंधरा वर्षांपूर्वी हा आधार असता तर कोंबडी सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती.

आपल्याकडे मध्यवर्ती महासंघ आणि लीगचे चालक यांच्यातील पंधरा वर्षांचा जुना करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला असून देशातील फुटबॉलची घडी नव्याने बसवावी लागणार आहे. हीच वेळ आहे. लीगमध्ये खेळण्याचा परवाना देताना त्यात चार शर्ती घालाव्यात: क्लबाचे गाव, नाव आणि रंग बदलण्यास नोंदणीकृत समर्थकांच्या बहुमताची लेखी संमती लागेल, बहुसंख्य भागांची विक्री करण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव आणि कर्जाचा तपशील साठ दिवस आधी जाहीर करावा लागेल, संचालक मंडळात समर्थकांनी निवडलेला एक संचालक असेल आणि त्याला हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क राहील, आणि मालक सोडून गेला तर हंगाम पुरा होईपर्यंतचे खेळाडूंचे वेतन अनामत म्हणून अगोदरच जमा असेल. मालक पुण्याचा असो, अबुधाबीचा असो वा सांगलीचा असो, त्याला या शर्ती सारख्याच लागू कराव्यात, आणि ज्याला त्या जाचक वाटतील त्याच्याशी बोलणी तेथेच थांबवावीत.